गाडा परत येईल

आमच्या कॉलेजातल्या मुंजाजीमामांना कोणी भोळे म्हटलं की माझं डोकं फिरतं. कोणता प्राध्यापक कोणाशी बोलत नाही, कोणाच्या चहात साखर चालत नाही, कोणत्या पोराची हजेरी दुसराच देतो, हे सगळं मामांना पाठ असायचं. असा माणूस भोळा नसतो. म्हणूनच पुढे जे झालं त्याची मला एवढी भीती वाटते. मूर्खाच्या मागे अख्खं गाव जात नाही.

परभणीतल्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे आणि मामा शिपाई होते. उंच, वाळलेले, डोक्यावर पांढरी टोपी. आवाज इतका मऊ की नोटीस वाचली तरी विनंती केल्यासारखं वाटायचं. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. मला ते धम्मशीलाताई म्हणायचे. त्यांचं गाव चुडाव्यापासून आत आहे. नाव मी लिहिणार नाही, कारण त्यांच्या नातीला मोठं होऊन ह्याच जिल्ह्यात राहायचंय. रोज सकाळी चुडाव्याला रेल्वे धरून यायचे, संध्याकाळी परत जायचे. बायको लवकर गेली होती. घरी मुलगा हरिओम, सून राजेश्री आणि नात वैष्णवी.

समाजशास्त्राच्या वर्गाबाहेर मामांचं स्टूल असायचं. त्या वर्गात आमचे बन्सीधर सर दरवर्षी एक तास फार रंगवून घ्यायचे. पॅसिफिक महासागरातली मेलानेशियाची बेटं. तिथे गोरे लोक आले, आणि त्यांच्यासाठी आधी जहाजांतून, मग युद्धाच्या काळात विमानांतून माल उतरायला लागला: डबाबंद अन्न, कापड, कुऱ्हाडी, औषधं. गोरे शेतात राबताना दिसत नाहीत, हाताने काही घडवत नाहीत, तरी माल येतोच. बेटावरच्या लोकांनी विचार केला, हा माल आपल्या मेलेल्या वाडवडिलांनी आपल्यासाठी पाठवलाय आणि मधल्यामध्ये हे उतरवून घेतायत. मग त्यांनी जंगल तोडून धावपट्ट्या केल्या, बांबूचे मनोरे उभारले, लाकडाचे हेडफोन कानाला लावून बसले. त्याच्याही आधी काही ठिकाणी लोकांनी आपली डुकरं मारून टाकली, लावलेले मळे सोडून दिले आणि पूर्वजांच्या जहाजाची वाट बघत किनाऱ्यावर बसले. सर लाकडाचा हेडफोन लावायची नक्कल करायचे आणि वर्ग खो खो हसायचा.

मला त्या हसण्याचा राग यायचा. हसणारी निम्मी पोरं परीक्षेला खिशात अंगारा घेऊन यायची. मामा मात्र हसायचे नाहीत. एकदा तास सुटल्यावर ते वाचनालयात आले आणि काउंटरला टेकून उभे राहिले.

"ताई, मंग पुढं काय झालं? आलं का जहाज?"

"नाही आलं, मामा."

"काहून?"

"येणार कुठून? पाठवणारं कोणी नव्हतंच."

त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "कुणीतरी काईतरी ठिवून घेतलं आसल घरात," ते म्हणाले. "सगळ्यानं सगळं सोडलं नसल." मी हसून विषय बदलला.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हरिओम गेला. तिशीतला, धडधाकट, ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात कामाला. दवाखान्याच्या दारात स्वतःच्या पायाने रिक्षातून उतरला होता. त्यानंतर मामांनी त्याला पाहिलं नाही. प्लास्टिकात बांधलेलं काहीतरी लांबून दाखवलं गेलं आणि सरकारी माणसांनीच पुढचं उरकलं. तेव्हा नियमच तसा होता. "त्याचं तोंड बगितलं न्हाई मी," मामा म्हणायचे. पुढे पुढे ते वाक्य बदललं. "त्यात हरिओमच व्हता का दुसरं कोण, कुणाला ठाऊक?"

हरिओमला दवाखान्यात नेलं त्याच दिवशी गावाने मरीआईचा गाडा काढला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दर आषाढात, आणि एरवीही गावात रोगराई शिरली की, लाकडाचा लहानसा गाडा करतात. त्यात मरीआई बसवतात, हिरव्या बांगड्या, खण, नारळ आणि घराघरातलं मूठ मूठ धान्य ठेवतात, आणि वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून येतात. परतताना मागे वळून बघायचं नाही, कोणीही हाक मारली तरी. वळून बघितलं तर घालवलेलं सगळं अंगाला चिकटून परत येतं. हा गाडा ओढायचं काम पूर्वी आमच्या लोकांकडे होतं. छप्पन साली माझ्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला आणि दोरी खाली ठेवली. ज्याचा रोग त्याने ओढावा, असं म्हणाले म्हणे. मला आजोबांचा फार अभिमान आहे.

गाडा गेला त्याच वेशीतून हरिओमची रिक्षा गेली. मामांच्या मनात ह्या दोन गोष्टींची गाठ बसली ती सुटलीच नाही. निवृत्तीच्या आधी त्यांनी माझ्याकडून त्या बेटांवरचं पुस्तक नेलं. इंग्रजी येत नव्हतं, फोटो बघत बसायचे. पुस्तक मी दिलं आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. पुस्तकं द्यायलाच असतात.

यंदा आषाढ लागला आणि राजेश्री कॉलेजात आली. वैष्णवीला फिट येतात. तिच्या गोळ्या परभणीतून न्याव्या लागतात, म्हणून राजेश्री महिन्याला यायची, पण माझ्याकडे कधी आली नव्हती. कानात काही नाही, पायात चपलासुद्धा नाहीत. बसल्या बसल्या रडायला लागली. मग तिने सांगितलं ते असं.

गेल्या आषाढात गाड्याच्या वेळी मामा पारावर बोलले. आपण पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर देत आलो, ते गेलं कुठं? ते सगळं तिथं साठलंय. आपली माणसंही तिथंच आहेत. गावात त्यांना जागा नाही, म्हणून येत नाहीत. लोक हसले. पण दुसऱ्या दिवशी गाडा वेशीत परत आलेला होता, आणि त्यात ज्वारीचं पोतं होतं.

"ते किशनरावनं ठिवलं व्हतं," राजेश्री म्हणाली. "पुढल्या गावचा. शिवंला त्याचं शेत हाय. त्यानं गाड्यावरलं नारळ, धान्य घरी नेलं आन्‌ दुसऱ्या दिशी त्याचा बैल मेला. भेलं ते. पोतं टाकून गाडा मागं ढकलून दिला. त्याच्या बायकूनं, सरजाबाईनं, मला सोता सांगितलं. मी गावात सांगून बगितलं ताई. कुणी ऐकंना."

ज्यांच्या घरातलं माणूस हरिओमसारखंच न दिसता गेलं होतं, ती घरं आधी मामांच्या ओट्यावर आली. त्यांच्या मागून बाकीची. मग दर मंगळवारी गाडा निघायला लागला. आधी जुनी भांडी गेली, मग पंखे, मिक्सर, खाटा, टीव्ही. कोंबड्या गेल्या, शेळ्या गेल्या. पुढच्या गावात म्हणे आता घरटी दोन मिक्सर आहेत. यंदा पेरणीला ठेवलेलं सोयाबीनसुद्धा गाड्यावर चढलं. घर रिकामं केल्याशिवाय येणारा बसणार कुठे, असं मामा म्हणतात आणि ते पटतं लोकांना.

"आन्‌ वैष्णवीच्या गोळ्या?" राजेश्रीने आवाज खाली आणला. "त्याबी दिल्या म्हणून सांगितलंय मी. चुलीमागच्या भिताडात लपिवल्यात. रोज गुपचूप देते. डॉक्टर म्हणले, एक दिवस चुकवू नका, लेकरू जाईल हातचं. ताई, कुणाला सापडल्या तर?"

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोरीला घेऊन माझ्याकडे ये. ती म्हणाली, "मामंजीला एकटं कसं सोडू? दुसरं कोण हाय त्यायला? तुमी या एकडाव. तुमचं ऐकतेत ते."

मी मंगळवारी गेले. चुडाव्याला उतरून ऑटो केला. ऑटोवाल्याने मला वेशीच्या अलीकडेच सोडलं. "पुढं मी येत न्हाई मॅडम," तो म्हणाला. "मागल्या टायमाला माझी स्टेपनी मागायलते." मला हसू आलं. ते गावात शिरेपर्यंतच टिकलं.

वाटेत दोन्ही बाजूंची शेतं हिरवी होती. ह्या गावाची शीव लागली तशी काळी जमीन सुरू झाली, वर नुसतं तण. घरांची दारं उघडी, कुलूप कुठेच नाही. आत भिंतीला रिकामे खिळे आणि फरशीवर भांड्यांच्या जागी गोल डाग. कोंबडी नाही, रेडिओ नाही. माझ्याच चपलांचा आवाज मला घराघरातून परत ऐकू यायला लागला. माणसं मात्र होती. ओट्यावर बसलेली, सारवलेल्या अंगणात उभी, सगळी हसतमुख. "या ताई, बसा," म्हणत होती, आणि बसायला काही नव्हतं. ती बारीक झाली होती आणि आनंदात होती. मला पळून जावंसं वाटलं.

मामांनी मला बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. घरात फक्त चूल आणि एक पातेलं. पाणी ओंजळीत ओतून दिलं, कारण तांब्या नव्हता.

"मामा, हे थांबवा," मी म्हटलं. मी गोड बोलायला शिकलेली नाही. "हरिओम येणार नाही. तो गेला."

"तुमी बगितलं त्याचं तोंड?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मीबी न्हाई."

"त्या बेटांवर जहाज आलं होतं का? तुम्हाला सांगितलं होतं मी."

"त्याइनं धीर सोडला ताई. थोडं थोडं ठिवलंच त्याइनं. आमी ठिवणार न्हाई." मग त्यांनी अंगणात खेळणाऱ्या वैष्णवीकडे बोट केलं. सात वर्षांची, दोन वेण्या, हाडं वर आलेली. "तिच्या गोळ्या दिवाळीच्या आधीच दिल्या गाड्यावर. हाय का एक तरी फिट? मंग? आजून काय पुरावा पायजे?"

राजेश्री माझ्याकडे बघत होती. मी खरं सांगितलं असतं तर मामांचा पुरावा कोसळला असता, आणि भिंतीतल्या गोळ्या संध्याकाळच्या आत गाड्यावर गेल्या असत्या. मी दात आवळून गप्प बसले. आयुष्यात एवढा राग मी कधी गिळला नव्हता.

दुपार कलल्यावर गाडा निघाला. हलगी नव्हती; ती केव्हाच देऊन झाली होती. लोक टाळ्यांच्या तालावर चालत होते. गाड्यावर त्या दिवशी द्यायला फारसं काही उरलं नव्हतं: दाराच्या दोन फळ्या, एक चष्मा, कोणाची तरी कुबडी. वैष्णवी आजोबांचं बोट धरून सगळ्यात पुढे होती. मी आणि राजेश्री बायकांमध्ये. मी ठरवलं होतं, हे संपलं की दोघींना हाताला धरून स्टेशनवर न्यायचं, मग मामा काहीही म्हणोत.

शिवेवर गाडा थांबला. मामांनी टोपी काढली आणि लोकांकडे वळले. आवाज तोच, मऊ. "गेल्या येळंला बी गाडा परत आला न्हाई. त्याच्या आधीच्या येळंला बी न्हाई. म्हंजे गावात कुणीतरी काईतरी ठिवलंय. मी कुणाचं नाव घेत न्हाई. ज्याचं त्यानं सांगावं."

कोणी हललं नाही. मग एकेक डोकं वळायला लागलं. बायका राजेश्रीकडे बघायला लागल्या. महिन्याला परभणीला जाते ती कशाला, हे त्यांच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. एका बाईने तिचा दंड धरला. 

"मी ठिवलंय, आजोबा," वैष्णवी म्हणाली.

तिने फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि मूठ उघडली. गोळ्या होत्या. तोंडात धरून नंतर काढून ठेवलेल्या, ओल्या होऊन वाळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, मूठभर.

"आई देती, पण धा दिसापसून मी खातच न्हाई," ती म्हणाली. "साठवून ठिवल्या. पप्पा यायला पायजेत म्हणून."

राजेश्रीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही. ती धावली, पण बायकांनी तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, मारलं नाही, नुसतं धरलं, आणि "जाऊ दे माय, जाऊ दे," म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी ओरडत पुढे गेले. माझ्यासमोर माणसांची भिंत उभी राहिली. मामांनी नातीचा मुका घेतला आणि गोळ्या गाड्यावर ठेवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी हरिओमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग सगळे गावाकडे तोंड करून चालायला लागले. मागे बघायचं नाही. राजेश्रीला मधे घेऊन बायका पुढे निघाल्या. मी मामांच्या बाजूने चालत होते, तोंडाला येईल ते बोलत होते. पोलिसांत जाईन म्हटलं, तुम्ही खुनी आहात म्हटलं. ते फक्त मान हलवत होते. वैष्णवी त्यांच्या मागे चालतेय, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. ती गाड्यापाशीच थांबली होती.

मागून धप्प आवाज झाला. मग जमिनीवर टाचा आपटल्याचा, एकसारखा.

सगळं गाव जागच्या जागी थांबलं आणि एकही मान वळली नाही. त्यांना हसू नका. मी आंबेडकरांच्या फोटोखाली वाढलेली बाई, पण एवढ्या पाठी ताठ झालेल्या बघून क्षणभर माझीही मान वळेना.  मामांच्या मुठीत टोपी चुरगळली होती.

"ताई," ते म्हणाले, "तुमी बगा. मला बगता येत न्हाई."

मी वळले. पोरगी मातीत पडली होती, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मी तिला कुशीवर केलं. तोवर राजेश्री हात सोडवून, धडपडत आली. तिच्या मागून कोणीच आलं नाही. आम्ही तिला उचलून किशनरावच्या शेतात नेलं आणि त्यांनीच मोटरसायकलवर, पोर आम्हा दोघींच्या मधे धरून, चुडाव्याला, तिथून जीपने परभणीला पोहोचवलं. वाटेत तिला पुन्हा फिट आली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

वैष्णवी वाचली. दवाखान्यातून सुटल्यावर मी दोघींना माझ्या घरी आणलं. पोलिसांत तोंडी सांगून आले, बघतो म्हणाले. आणि मग एका दुपारी मामा दारात उभे. अनवाणी, टोपी नाही. आत या म्हटलं तरी आले नाहीत, उंबऱ्याबाहेर बसले. वैष्णवी पळत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. त्यांनी तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला, आणि ते रडले. माझा सगळा राग विरघळला. वाटलं, सुटला हा माणूस.

"राजेश्री," ते म्हणाले, "तू हितंच ऱ्हा. लेकराला शाळंत घाल. गावाकडं आता येऊ नको." राजेश्री त्यांच्या पाया पडली आणि हुंदके देत पोरीला घेऊन आत गेली.

मी पाणी आणलं. ते घटाघटा प्यायले आणि माझ्याकडे बघून हसले, कॉलेजात हसायचे तसे.

"आता कळलं मला ताई. उगंच गोळ्यायला दोष देत व्हतो. घरात काय राह्यलं व्हतं ते आता कळलं."

"काय?"

"ह्या दोघी." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आता घर पुरं मोकळं झालंय. आता यील तो."

 "मामा, गावात हे कोणाला बोललात?"

"सगळ्यायला सांगितलं. ज्याच्या घरात जे राह्यलंय ते त्यानं वळखावं." ते उठले, धोतराची धूळ झटकली. "आज सकाळीच एकजण इचारायलता, म्हातारी आई हाय, आंथरुणाला खिळलेली. तिला गाड्यावर बसिवलं तर चालल का म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हणलं, मंगळवारपत्तोर दम धर." आणि गाडी चुकेल म्हणत ते झपाझप निघाले.

तो दिवस सोमवार होता. मी राजेश्रीला दाराला आतून कडी लावायला सांगितली, पर्स उचलली आणि त्यांच्या मागोमाग स्टेशनकडे धावले.